नदी किती दूर आहे, हे मी का विचारतो

"कर्ज आम्ही फेडणार, पाऊस किती पडतो आणि नदी किती दूर आहे, याच्याशी बँकेला काय करायचे आहे?" गोव्यातल्या फोंडा आणि डिचोलीकडून आमच्या सहकारी बँकेत येणारे कर्जदार मला हे सतत विचारतात, आणि अलीकडे शाखेतले सहकारीही विचारू लागले आहेत. सक्ती नसताना हा उपद्व्याप कशाला, असे त्यांचे म्हणणे आहे. सक्ती नाही, हे खरेच आहे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2024मध्ये हवामानविषयक वित्तीय जोखीम, म्हणजे पूर-वादळांसारख्या कारणांनी बँकेला तोटा होण्याचा धोका, जाहीर करण्याबाबत जो मसुदा काढला, त्यात नागरी सहकारी बँकांपैकी फक्त चौथ्या श्रेणीतल्या, म्हणजे 10,000 कोटींहून अधिक ठेवींच्या बँका धरल्या होत्या. आमची बँक त्या आकड्याच्या जवळपासही नाही. तरीही जुन्या पुराची खूण आणि विम्याची मूळ पॉलिसी पाहिल्याशिवाय मी फाइल पुढे पाठवत नाही.

खांडेपार नदीच्या काठी सुतारकामाचा एक कारखाना होता. त्याच्या यंत्रांसाठी 2020च्या अखेरीस आम्ही कर्ज दिले, आणि नियमपालनाची तपासणी-यादी मी भरली. 'विमा उतरवला आहे का?' या प्रश्नापुढे मी 'होय' लिहिले, प्रीमियमची पावती जोडली आणि सही केली. 23 जुलै 2021ला पूर आला. पाणी ओसरल्यावर मी तिथे गेलो, तेव्हा भिंतीवरची गाळाची रेघ स्विचबोर्डाच्याही हातभर वर होती, रंधायंत्राच्या पात्याखाली लाल चिखल बसला होता आणि प्लायवूडचे थर सुटून वहीच्या पानांसारखे उलगडले होते. कर्जदाराच्या पत्नीने प्लास्टिकच्या पिशवीतून पॉलिसी काढून माझ्या हातात दिली आणि विचारले, "साहेब, विमा तुम्हीच घ्यायला लावला होता ना?"

मी ती पॉलिसी तिथे पहिल्यांदा वाचली. आगीच्या त्या वेळच्या पॉलिसीत वादळ आणि पुराचे संरक्षण वगळले, तर प्रीमियम कमी होत असे, आणि इथे ते वगळलेले होते. एप्रिल 2021पासून छोट्या उद्योगांसाठी आलेल्या प्रमाणित पॉलिसीत पूर अंतर्भूत आहे, पण ही त्याआधीची होती. दावा फेटाळला गेला. आम्ही कर्जाची फेररचना केली, त्यामुळे हप्ता 90 दिवस थकला की खाते अनुत्पादित (एनपीए) धरण्याच्या नियमात ते अडकले नाही. मात्र यंत्रे परत आली नाहीत आणि वर्षभरात कारखाना बंद झाला. त्या यंत्रांचे हप्ते तो गृहस्थ आजही दुसऱ्याच्या कारखान्यात मजुरी करून भरतो.

यादीत जे विचारले होते ते मी भरले, असे मी तेव्हा स्वतःला सांगत असे, आणि आजही ते नाकारता येत नाही. लेखापरीक्षणात त्या फाइलवर एकही शेरा आला नाही. हीच गोष्ट मला सर्वाधिक खुपते.

पण माझ्या प्रश्नांचा अर्थ 'नदीकाठच्याला कर्ज नाही' असा होणार असेल, तर मी नेमके कोणाचे रक्षण करतो आहे? हा आक्षेप सहकाऱ्यांनी घेतला आणि त्याचे पुरते उत्तर माझ्याकडे नाही. तिसवाडीतल्या खाजन जमिनींपुढे तर माझा फॉर्मच लंगडा पडतो. ती शेते मुळात भरतीच्या पातळीखालीच असतात. तिथे नदीचे अंतर निरर्थक असते, बांध धड आहे का आणि मानशीची, म्हणजे भरतीचे पाणी अडवणाऱ्या बांधातल्या झडपेची, दारे वेळेवर लागतात का, यावर सगळे अवलंबून असते. बांध सगळ्या कुळांचा, कर्ज मात्र एकट्याच्या नावावर. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2024मध्ये हवामान-जोखमीच्या माहितीचा साठा उभारण्याची घोषणा केली, त्याचे मी मनापासून स्वागत करतो, तरी मानशीची कुजलेली फळी त्या साठ्यात दिसेल असे मला वाटत नाही.

परवा एका खाजन शेतकऱ्याचा अर्ज आला आहे. नदीच्या अंतराचा रकाना मी कोरा ठेवला आहे. शनिवारी भरतीच्या वेळी मी त्याच्यासोबत बांधावर जाणार आहे, आणि तिथे जे दिसेल ते कोणत्या रकान्यात लिहायचे, हे अजून ठरलेले नाही.