नवसागर, जस्त आणि कथील

आमचं आजोळ जुन्या नाशकात, तांबट आळीजवळ. दिवाळीच्या आधी आजी पितळेची पातेली कल्हईला काढायची आणि मी कल्हईवाल्याच्या भात्यापाशी ठाण मांडून बसायचे. तापलेल्या पातेल्यात तो नवसागराची (अमोनियम क्लोराइडची) पूड टाकी, पांढरा धूर उठे. मग कथील टेकवून कापसाच्या बोळ्याने एक फेर, की पातेलं लख्ख. "नवसागराबिगर कथील धरत नाही, ताई," असं तो सांगे.

गेल्या जुलैत सातपूरच्या लॅबमध्ये हीच मंडळी माझ्या फ्लास्कमध्ये जमली. मला अ‍ॅलिलट्रायब्युटिलटिन हे कथलाचं सेंद्रिय संयुग हवं होतं. नेहमीची वाट ग्रिन्यार्डची, म्हणजे मॅग्नेशियमची, जिला पाण्याचा थेंबही चालत नाही: कोरडा ईथर, कोरडी भांडी, वर नायट्रोजन. पावसाळी हवेत मॅग्नेशियम सुरूच होईना, दोन बॅच वाया गेल्या. तिसऱ्यांदा जस्त घेतलं. टीएचएफ या द्रावकात ट्रायब्युटिलटिन क्लोराइड आणि अ‍ॅलिल ब्रोमाइड, त्यात नवसागराचं संपृक्त द्रावण, आणि ढवळत ढवळत चिमूट चिमूट जस्ताची पूड. होय, पाणी मुद्दाम घालायचं! अ‍ॅलिल गट (तीन कार्बनचा तुकडा) जस्ताच्या आधाराने कथलावर जाऊन बसतो, क्लोरीन जस्ताकडे येतं. नवसागर जस्तावरची ऑक्साइडची साय काढत राहतो. पातेल्यातही तो हेच करायचा, हे मला इतक्या वर्षांनी उमगलं.

इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांनी १८४९ साली जर्मनीतल्या मारबुर्गला बंद नळीत एथिल आयोडाइड आणि जस्त तापवून डायएथिल झिंक हे जस्ताचं सेंद्रिय संयुग मिळवलं. त्यावर पाणी पडताच हिरवट-निळी ज्वाळा उसळली होती. पुढे १८५९ मध्ये बकटन या रसायनशास्त्रज्ञांनी त्याच डायएथिल झिंकने कथलाला चारही एथिल गट जोडले. ज्या पाण्याने तिथे भडका उडाला, ते माझ्या फ्लास्कमध्ये निमूट फिरत होतं. मी बराच वेळ नुसती बघत उभी होते.

उरलेलं ट्रायब्युटिलटिन क्लोराइड काढायला पोटॅशियम फ्लोराइडच्या द्रावणाने धुतलं. ट्रायब्युटिलटिन फ्लोराइड विरघळत नाही, त्याचा पांढरा साका खाली बसतो. तो गाळताना मात्र हात जपून चालतो. हीच ट्रायब्युटिलटिनची संयुगं जहाजांच्या तळाच्या रंगात असायची. त्यांनी शिंपल्यांची, गोगलगायींची इतकी हानी केली की २००८ पासून अशा रंगांवर आंतरराष्ट्रीय बंदी लागू आहे. आमच्या सिंकचं पाणी शेवटी गोदेच्याच वाटेला लागतं. म्हणून साका, फिल्टर पेपर आणि धुण्याचं पाणीसुद्धा, सगळं वेगळ्या डब्यांत भरलं, झाकणं घट्ट लावली, लेबलवर ठळक अक्षरांत 'कथील' लिहिलं आणि मगच हातमोजे काढले.