आमची वाटचाल : पॅच, पाणीपातळी आणि एक खोडलेली ओळ

२०१२ साली बडोद्याच्या दांडिया बाजारात, आमच्याच वाड्याच्या पुढच्या खोलीत, मी आणि माझा मावसभाऊ दोन टेबलं टाकून बसलो. काम तेव्हाही हेच होतं: प्राध्यापकांनी, संशोधकांनी लिहिलेली सॉफ्टवेअरं डेबियन या लिनक्स प्रणालीच्या पॅकेजात (सहज बसवता येईल अशा गठ्ठ्यात) बांधून द्यायची आणि खालच्या लायब्रऱ्या (ती ज्यावर उभी असतात तो तयार कोड) हलल्या की पुन्हा चालती करायची. पहिली आठ वर्षं बरी गेली.

२०२० मध्ये सगळं एकदम अंगावर आलं. १ जानेवारीला पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीचा आधार संपला. खिडक्या-बटणं दाखवणारी क्यूटी ४ ही लायब्ररी डेबियन ११ मध्ये नसणार हे ठरलेलंच होतं. त्यात जीसीसी या कंपायलरांच्या संचाची दहावी आवृत्ती आली. एकाच सबरूटीनला (प्रोग्रॅमच्या तुकड्याला) इथे रिअल म्हणजे दशांशी अ‍ॅरे, तिथे इंटिजर म्हणजे पूर्णांकी अ‍ॅरे द्यायची फोरट्रान या जुन्या गणिती भाषेत लिहिणाऱ्यांची सवय. ती जीसीसीतला फोरट्रानचा कंपायलर, जीफोरट्रान, चालवून घेत असे, आता एरर देऊन थांबायला लागला. आमचे करार वर्षाच्या ठरलेल्या रकमेचे. काम दुप्पट-तिप्पट, पैसे तेवढेच.

नेमका तेव्हाच अलकापुरीत काचेचं ऑफिस थाटून एक जण उतरला. दर आमच्या निम्मा. परवडत कसं होतं? दुरुस्त काहीच करायचं नाही! जुन्या डेबियन ९ सकट अख्खं सॉफ्टवेअर कंटेनरमध्ये, म्हणजे बंद डब्यात, गोठवायचं आणि वरून 'अद्ययावत' असं लेबल लावायचं. कंटेनरला माझी ना नाही, आम्हीही वापरतो. पण नुसतं गोठवून दुरुस्तीचं बिल लावायचं? गिऱ्हाइकं भराभर गेली. मावसभाऊही पुण्याला नोकरीवर गेला. त्याला बोल लावत नाही, घरात लग्न ठरलेलं होतं.

दर पाडला ते एक वेळ सोसलं. पण अलकापुरीवाल्यांचं एक पॅकेज हाती आलं, ते उघडून पाहिलं. आमचे पॅच (मूळ कोडवरच्या छोट्या दुरुस्त्या) क्विल्ट या साधनाने ओळीत लावलेले असतात, प्रत्येकाच्या डोक्यावर वर्णन, कोणी लिहिला, मूळ लेखकाकडे पाठवला की नाही, हे सगळं. त्यांच्या पॅकेजात तेच पॅच, तोच क्रम. एका पॅचमध्ये मी स्वतःसाठी लिहिलेली 'चहानंतर पुन्हा बघणे' ही टीपसुद्धा जशीच्या तशी. फक्त 'ऑथर' ची ओळ खोडलेली. परवाना मोकळा आहे, घ्या ना खुशाल! नावाची एक ओळ ठेवायला काय जातं?

त्या दिवसांत टिकले ते कारेलीबागचे भूजलवाले सर. त्यांचं मॉडेल फोरट्रान ७७ चं, नकाशासाठी जीडॅल ही लायब्ररी. त्यांनी न मागता वर्षाची रक्कम आगाऊ दिली आणि म्हणाले, "तुमच्या लायब्रऱ्या मला कळत नाहीत हो. विहिरीची पातळी तिसऱ्या दशांशापर्यंत तीच आली पाहिजे." जीफोरट्रानला 'जुळत नसलं तरी चालव' असा एक फ्लॅग (आज्ञेला जोडायचा शब्द) आहे. तो लावला असता तर संध्याकाळी घरी गेलो असतो. आम्ही रिअल आणि इंटिजरचे अ‍ॅरे वेगळे केले, जुन्या मशीनवर काढलेले आकडे एका बाजूला, नवे दुसऱ्या बाजूला, आणि ओळ न् ओळ ताडून पाहिली. तिसरा दशांश जुळला तेव्हाच पॅकेज त्यांच्या हाती दिलं.

जून २०२२ मध्ये डेबियन ९ चा लांबवलेला आधारही संपला. पुढे त्याची पॅकेजं नेहमीच्या सर्व्हरवरून जुन्या संग्रहात हलली आणि अलकापुरीकरांचा डबा पुन्हा बांधायला गेलं की ४०४, म्हणजे 'सापडत नाही'. मग घाईघाईने सगळं डेबियन ११ वर ढकललं. एकही एरर नाही! आमच्याकडून तिकडे गेलेल्या एका गिऱ्हाइकाने मला नकाशा पाठवला. विश्वामित्रीच्या काठच्या विहिरी ७३ उत्तर, २२ पूर्व, म्हणजे नॉर्वेच्याही वर, भर समुद्रात. बडोदा २२ उत्तर, ७३ पूर्व. जीडॅल ३ पासून ईपीएसजी ४३२६ या अक्षांश-रेखांशाच्या पद्धतीत अक्षांश आधी येतो, जुना प्रोग्रॅम रेखांश आधी देतो. 'जुना क्रम पाळ' असं एका ओळीत सांगावं लागतं. ती ओळ मी घातली, पूर्ण दराने. निम्म्या दराची आठवणही करून दिली.

नवीन मुलांना सांगतो, कोणी विचारलेलं नसलं तरी. डेप्रिकेशनच्या ('हे पुढे काढून टाकणार' अशा) सूचना बंद करून ठेवू नका. नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीने एनपी.फ्लोट हे नाव जाणार हे १.२० मध्ये बजावलं आणि १.२४ मध्ये काढून टाकलं. मधल्या काळात वाचणाऱ्याला भरपूर वेळ होता. पॅच लिहिलात की मूळ लेखकाकडे पाठवा, नाहीतर दर आवृत्तीला तोच पॅच पुन्हा बसवत बसाल. आणि मावसभावाबरोबर भागीदारी केलीत तरी कागद करा.

सध्या रांग आहे ती नमपाय २ ची. १.क्ष वर (पहिल्या पिढीच्या कुठल्याही आवृत्तीवर) कंपाइल केलेले मॉड्यूल त्यावर चालत नाहीत, म्हणून फोन वाजतोय, काही अलकापुरीकडूनही येतात. येताना जुन्या आवृत्तीवर काढलेले आकडे घेऊन या. त्याशिवाय आम्ही काम घेत नाही, आणि निम्मी रक्कम आगाऊ.