राजारामपुरीची तिसरी गल्ली, जर्मनमधून

आपल्या शाळेत जर्मन शिकवलं जायचं, हे बाहेर कुणाला सांगितलं की समोरच्याला आधी हसू येतं. कोल्हापूर म्हटलं की तांबडा-पांढरा, तालीम आणि चप्पल. त्यात जर्मन कुठून आलं? आलं ते भूगोलाच्या बाईंमुळे. बाईंचं माहेर पुण्याचं. लग्नाआधी तिथल्या मॅक्सम्युलर भवनात त्या जर्मन शिकल्या होत्या. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी त्यांनी आठवी-नववीच्या पोरांसाठी शाळा सुटल्यावर वर्ग काढला. फी नव्हती, गुण नव्हते, त्यामुळे सुरुवातीची गर्दी दिवाळीपर्यंत ओसरली आणि खरंच शिकायचं होतं तेवढेच उरले. मी उरलो, कारण घरी जाऊन दळण आणायला लागायचं ते या वर्गामुळे चुकायचं.

स्मरणिकेत गॅदरिंगवर, सहलीवर आणि छड्यांवर लिहिणारे पुष्कळ असतील. मी एकाच धड्याबद्दल लिहिणार आहे. गावातली ठिकाणं आणि रस्ता विचारणं, हा तो धडा.

पुस्तकात एका जर्मन गावाचं चित्र होतं. मधोमध चौक, चौकात नगरपालिकेची इमारत, शेजारी चर्च, कडेला बेकरी आणि औषधाचं दुकान. बाईंनी ते चित्र आम्हाला दाखवलं, पुस्तक मिटलं आणि फळ्यावर कोल्हापूर काढलं. पंचगंगा म्हणजे डेर फ्लुस, शिवाजी पूल म्हणजे दी ब्र्यूके, कपिलतीर्थ मंडई म्हणजे डेर मार्क्ट. सीपीआर हे सरकारी रुग्णालय झालं डास क्रांकेनहाउस. चर्चसाठी वायल्डर मेमोरियल होतंच. राटहाउसवर अडलं. पहिल्या बाकावरचा एक जण म्हणाला, टाऊन हॉल. बाई म्हणाल्या, ‘‘जा की मग, तिथं पाणीपट्टी भरून ये.’’ टाऊन हॉलमध्ये तर जुन्या मूर्ती आणि नाणी, म्हणजे ते डास मुझेउम. राटहाउस म्हणजे महापालिका. ही चूक वर्गात पुन्हा कुणी केली नाही.

लिंगाच्या बाबतीत बाईंचा खाक्या वेगळा होता. इंग्रजीतून जर्मनकडे येणाऱ्याला डेर, दी, डास अशा तीन लिंगांचा धसका बसतो. आपल्याला तो, ती, ते जन्मापासून आहेत. फक्त दोन्ही भाषांचं एकमत नाही. म्हणून वहीचं पान मधोमध दुमडून दोन याद्या करायला लावल्या. एकीकडे जुळणारे शब्द: तो बाजार, डेर मार्क्ट, ती शाळा, दी शूले, ती बँक, दी बांक. दुसरीकडे भांडणारे: आपला रस्ता ‘तो’, त्यांची श्ट्रासे ‘ती’, आपला पूल ‘तो’, त्यांची ब्र्यूके ‘ती’, आपलं स्टेशन ‘ते’, त्यांचा बानहोफ ‘तो’. पाठ करायची ती फक्त भांडणाऱ्यांची यादी. निम्मं ओझं तिथंच उतरलं. भाषा शिकवणाऱ्या बऱ्याच जणांना मी पुढं ऐकलं, पण मराठी येणाऱ्या पोरांना फुकट काय मिळतं हे आधी मोजून घेणारं दुसरं कुणी दिसलं नाही.

उच्चारातही असंच. ‘स्टेशनला’ म्हणायचं तर त्सुम बानहोफ, ‘शाळेला’ म्हणायचं तर त्सुर शूले. या सुरुवातीच्या अक्षरावर हिंदी मुलखातली पोरं म्हणे फार धडपडतात. बाईंनी एवढंच सांगितलं की चहातला च नको, चमच्यातला च घ्या. झालं. चौकाचं प्लात्स आणि चौरस्त्याचं क्रॉइत्सुंगही त्याच चमच्यानं गिळलं. डेर, दी, डास बदलून त्सुम आणि त्सुर का होतं, तेही विभक्तीवरूनच समजावलं. शाळा, शाळेला. आपण शब्दाच्या शेवटी प्रत्यय जोडतो, ते शब्दाच्या आधीचं आर्टिकल बदलतात. स, ला, ते घोकलेल्या पोरांना यात नवल काय वाटणार?

मग आली राजारामपुरी. जर्मनीत रस्ता सांगताना ‘दुसरा रस्ता डावीकडे’, ‘तिसरा रस्ता उजवीकडे’ असं मोजून सांगायची पद्धत आहे. आपल्याकडे असं कोण सांगतं? मंगळवार पेठेत कुणाला विचारा, ‘‘हितनं सरळ जावा, तालीम लागंल, तिथनं डाव्या अंगाला, आणि मग कुणाबी इचारा.’’ खुणा तालमीच्या, तिकटीच्या, पिंपळाच्या. आकडा कुठंच नाही. पण राजारामपुरीला मेन रोडच्या बाजूच्या गल्ल्यांना ओळीनं नंबर आहेत आणि पत्तेही तसेच लिहितात. बाईंनी ते हेरलं. एर्स्टे, त्स्वाइटे, ड्रिटे हे आम्ही पहिली, दुसरी, तिसरी गल्ली असेच शिकलो. ‘‘दी ड्रिटे श्ट्रासे रेश्ट्स’’, म्हणजे तिसरा रस्ता उजवीकडे, म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आजही तिसऱ्या गल्लीच्या तोंडावरचा झेरॉक्सवाला येतो. माझा क्रमवाचक आकडा तेव्हापासून कधी चुकलेला नाही, अगदी तारखा सांगतानाही.

अनोळखी माणसाला ‘गेएन झी’ म्हणायचं आणि मित्राला नुसतं ‘गे’, हे सांगायला बाईंना अर्धं मिनिट लागलं. एक म्हणजे ‘जावा’, दुसरं म्हणजे ‘जा’.

पण बाईंचं खरं कसब पुढच्या भागात होतं. रस्ता विचारायचं वाक्य कुणालाही पाठ होतं. ‘‘एन्टशुल्डिगुंग, वी कोमे इश त्सुम बानहोफ?’’ पोपटसुद्धा म्हणेल. पंचाईत होते ती समोरचा उत्तर द्यायला लागल्यावर. तो पुस्तकातल्यासारखं बोलत नाही. तो ‘‘आल्झो’’ म्हणतो, मान खाजवतो, मध्येच ‘‘मोमेंट माल’’ म्हणतो, आधी एक रस्ता सांगून मग दुसराच जवळचा म्हणतो. म्हणून विचारण्यावर बाईंनी एक तास घातला आणि ऐकण्यावर पुरा महिना.

पद्धत अशी. बेंच जोडून त्यावर ड्रॉइंगच्या कागदावर रंगवलेला गावाचा नकाशा पसरायचा. एका मुलानं बिनखांबी गणेश मंदिरावर बोट ठेवायचं. बाई खिडकीकडे तोंड करून, म्हणजे त्यांचे हातवारेही दिसू नयेत अशा बेतानं, भरभर जर्मन बोलायच्या. बोलतील तसं बोट सरकवायचं. बाकीच्यांनी गप्प. महाद्वार रोडनं गेराडेआउस म्हणजे सरळ गेलं तर रेश्ट्स हाताला अंबाबाईचं देऊळ. तिथं लिंक्स म्हणजे डावीकडे वळलं तर ताराबाई रोड, आणि तसंच पुढं गेलं तर रंकाळा. बाई मध्ये मुद्दाम भरताड घालायच्या. आज ऊन किती आहे, त्या कोपऱ्यावर पूर्वी त्यांची मैत्रीण राहायची, वगैरे. पकडायच्या फक्त चार गोष्टी: सरळ, डावी की उजवी, कितवी आणि कुठपर्यंत. बाकी सगळं वाऱ्यावर सोडायचं. सुरुवातीला आम्ही प्रत्येक शब्द धरायला जायचो आणि बोट बिनखांबीवरच राहायचं. पंधरवड्यात बोटं आपोआप चालायला लागली.

बोट पोचलं की तेवढ्यावर सुटका नव्हती. ऐकलेलं उलट म्हणून दाखवायचं. ‘‘आल्झो, आधी सरळ, मग डावीकडे?’’ बाई म्हणायच्या, वाट सांगणाऱ्याला तुमचं चुकलेलं दुरुस्त करायला फार आवडतं, त्याला ती संधी द्या. आणि माहीत नसेल तर जर्मन माणूस ‘‘मी पण इथला नाही’’ म्हणून मोकळा होतो, हेही शिकवलं होतं. त्यावर आमचा अजिबात विश्वास बसला नव्हता. कोल्हापुरात रस्ता माहीत नाही असं आजवर कुणी कबूल केलंय का?

जाता जाता फळ्यावर रंगीत खडूनं पाट्याही काढल्या होत्या. पिवळ्या गोलात हिरवा एच म्हणजे बसथांबा, लाल ए आणि त्यात पेला नि साप म्हणजे औषधाचं दुकान. निळ्या चौकोनात पांढरा यू म्हणजे भुयारी रेल्वे. भूगोलाच्या बाई असल्यानं नकाशातल्या चिन्हांची त्यांना हौस होती, ती इथं फिटली.

पुढं मी डिप्लोमा केला, गोकुळ शिरगावच्या एका मशीन शॉपमध्ये लागलो आणि कंपनीनं काही महिन्यांसाठी स्टुटगार्टला पाठवलं. तिथलं मुख्य स्टेशन नवं करायचं काम 2010 पासून चाललंय, त्यामुळे फलाटावरून शहरात यायला पत्रे ठोकलेल्या लांबच लांब वाटेनं चालावं लागलं. बाहेर आल्यावर एका आजीबाईंना श्लॉसप्लात्स या चौकाची वाट विचारली. त्या बोलायला लागल्या ते थांबेचनात. त्यांचा बोलायचा हेल पुस्तकातल्यापेक्षा वेगळा, शब्द निम्मे अनोळखी. मी खिडकीकडे तोंड केलेल्या बाई आठवल्या आणि फक्त चार गोष्टींची वाट बघितली. गेराडेआउस आलं, क्योनिगश्ट्रासे हे रस्त्याचं नाव आलं, बिस त्सुम म्हणजे ‘पर्यंत’ आलं. उलट म्हणून दाखवलं. आजीबाईंनी ‘‘गेनाउ’’, म्हणजे ‘बरोबर’, म्हटलं आणि मी निघालो. बाईंनी न शिकवलेले दोनच शब्द त्या शहरात पावलोपावली भेटले: बाउश्टेले म्हणजे खोदकाम, आणि उमलाइटुंग म्हणजे पर्यायी मार्ग. कोल्हापूरकराला दोन्हीचा सराव घरचाच.

आता रविवारी मीच ऑनलाइन वर्ग घेतो. 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाचा बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार झाला, तेव्हापासून नर्सिंगच्या मुली आणि आयटीआयची पोरं जर्मनकडे वळलीत. ए1 ला, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेला, बसणारी पोरं पहिल्याच तासाला विचारतात, सर, मोबाइल रस्ता दाखवतो, मग हा धडा कशाला? मुद्दा बिनतोड आहे. रस्ता विचारायची वेळ त्यांच्यावर क्वचितच येईल. पण दवाखान्याचा गणवेश अंगावर चढला की रस्ता विचारणारे दुसरे असतील. एक्स-रे कुठं, लिफ्ट कुठं, अमक्या खोलीतला पेशंट कुठं हलवला? आणि विचारणारा म्हातारा असेल, घाबरलेला असेल, कानानं कमी ऐकत असेल.

म्हणून मी धडा उलटा करून घेतो. नकाशा कोल्हापूरचाच, पण आता सीपीआरच्या आवाराचा. पोरींनी बोलायचं, मी बोट चालवायचं. अपघात विभागापासून सरळ, दुसरा दरवाजा डावीकडे, मग जिना, मग पहिला मजला. मजल्यांची मोजणी जर्मनांची आपल्यासारखीच, तळमजला सोडून, तेवढी एक कटकट वाचते. मी मुद्दाम चुकीकडे वळतो, त्यांनी न चिडता पुन्हा सांगायचं. गेल्या रविवारी कागलच्या एका मुलीनं मला सरळ नेऊन कँटीनमध्ये बसवलं. मी एक्स-रे विचारला होता, पण वाट सांगितली होती ती एकदम शुद्ध.