फुकट मिळते म्हणून वाया जाते का?

जीवनावश्यक वस्तू मोफत दिल्या की लोकांना त्यांची किंमत राहत नाही, हे मत आमच्या नाशिकमध्ये रेशन दुकानापासून कट्ट्यावरच्या गप्पांपर्यंत सर्वत्र ऐकू येते. मला ते पटत नाही, कारण नासाडीचे मूळ दरात नसून अनिश्चिततेत आहे, असे मला वाटते.

पाण्याचेच पाहा. आमच्याकडे गंगापूर धरणाचे पाणी येते, त्याची पाणीपट्टी आम्ही नियमाने भरतो, म्हणजे ते फुकट मुळीच नाही. तरीही नळाला पाणी ठरावीक वेळीच येत असल्यामुळे घरोघरी पिंप, हंडे, कळश्या, बादल्या काठोकाठ भरल्या जातात, आणि दुसऱ्या दिवशी ताजे पाणी आले की उरलेले सारे ‘शिळे’ ठरून मोरीत ओतले जाते. हे ओतणारी गृहिणी बेफिकीर नसते. उद्या पाणी येईलच याची तिला खात्री नसते, एवढेच. कराडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणी दिले आणि प्रत्येक जोडणीला मीटर बसवले, तेव्हा वापर वाढण्याऐवजी घटला. पाणी हाताशी आहे म्हटल्यावर साठवणार कोण आणि ओतणार कोण?

धान्याबाबत फार लिहिण्याची गरज नाही. अन्न सुरक्षा कायद्याखाली २ रुपये किलोचा गहू आणि ३ रुपये किलोचा तांदूळ १ जानेवारी २०२३ पासून मोफत झाला, पण प्राधान्य कुटुंबातील माणशी ५ किलोंचे माप तेच राहिले. ज्याच्या ताटात मोजूनच पडते, तो टाकून काय देणार?

शेतीपंपांचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. एप्रिल २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. मात्र मीटर नसलेल्या पंपांचे बिल त्याआधीही अश्वशक्तीवरच ठरत असे. पंप तासभर चालवा की रात्रभर, रक्कम तीच. वीज रात्री-अपरात्री येते म्हणून शेतकरी पंपाला ऑटो स्विच लावून झोपतो आणि भिजलेल्या वाफ्यातही पाणी वाहत राहते. निफाड-दिंडोरीचा द्राक्ष बागायतदार ठिबकवर थेंब मोजतो, कारण जास्तीचे पाणी बागेलाच बाधते. तरीही पंजाबात मोफत विजेने आणि भाताच्या हमखास सरकारी खरेदीने मिळून भूजल किती खोल नेले, हे मी नाकारणार नाही. तिथे वीज फुकट होती आणि उपसाही मोजला जात नव्हता.

म्हणून माझा आग्रह मोजमापाचा आहे. दक्षिण आफ्रिकेने २००१ पासून कुटुंबाला महिन्याला ६,००० लिटर पाणी मोफत देण्याचे धोरण स्वीकारले. दिल्लीत २०१५ पासून २०,००० लिटरपर्यंत बिल शून्य केले, पण ते चालू मीटर असलेल्या घरालाच, आणि मर्यादा ओलांडली की सगळ्या पाण्याचे पैसे पडतात. आपल्या शेतीपंपांनाही बिल शून्य ठेवूनच मीटर लावावेत. आज मीटर आले की उद्या बिल येईल, ही शेतकऱ्याची भीती निराधार नाही; तेव्हा गरजेपुरते युनिट कायमचे मोफत राहतील, हे सरकारने आधी कायद्यात लिहून द्यावे आणि मगच मीटर घेऊन बांधावर जावे.