एकादशीचा खून

फेब्रुवारीत प्रकाशकांचा फोन आला तेव्हा मी मागच्या पडवीत कुळीथ पाखडत होते. फोन खांदा आणि कानाच्या बेचक्यात, सूप हातात, त्यामुळे त्यांचं अर्धं बोलणं फोलपटाबरोबर उडालं. उरलेलं अर्धं पुरेसं होतं. माझ्या रहस्यकथांचे नायक दाजी, त्यांचं चौथं पुस्तक ते काढणार नव्हते.

“बाई, रहस्यकथा लोकांना हवी असते, पण विकत कोणी घेत नाही,” ते म्हणाले. “आता ऐकायचे दिवस आलेत. तुम्ही वीस-वीस मिनिटांचे भाग लिहा ना. दर भागाच्या शेवटी एक धक्का.”

माणूस वाईट नाही. २०१४ साली देवगडातल्या कोर्टात कागदपत्रांच्या नकला काढणाऱ्या एका बाईची पहिली कादंबरी छापायची हिंमत त्यांनीच केली होती. पण आमचे दाजी निवृत्त हवालदार, वीस मिनिटांत त्यांची पानाची चंचीसुद्धा सुटत नाही. पहिल्या पुस्तकाच्या हजार प्रती काढल्या, दुसऱ्याच्या पाचशे, तिसऱ्याच्या तीनशे. हा उतार समजायला गणित लागत नाही. मी “बरं” म्हटलं, हस्तलिखित पिशवीत बांधलं आणि माळ्यावर पत्रावळींशेजारी टाकून दिलं. आंब्याचा मोसम तोंडावर होता, पेट्या भरायच्या होत्या. खुनांना कोण विचारतो!

एप्रिलमध्ये पुण्याच्या भाचीनं व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ पाठवली. “मावशी, वाच. तुला आवडेल, आपल्याकडचीच गोष्ट आहे.” उघडून बघते तर माझंच तिसरं पुस्तक. स्कॅन करणाऱ्यानं मुखपृष्ठ आणि नावाचं पान वगळलं होतं, त्यामुळे बिचारीला लेखिका कोण ते कळलंच नाही. (मी तिला पुस्तक भेट दिलं होतं. ते कुठे आहे, हे मी अजून विचारलेलं नाही.)

छापील पुस्तक १७६ पानांचं, म्हणजे सोळा पानांचे अकरा फॉर्मे. पीडीएफ १६८ व्या पानावर थांबते. शेवटचा अर्धा फॉर्मा गायब. दाजी सगळ्यांना देवळाच्या सभामंडपात बसवतात, घसा खाकरतात, आणि संपलं.

दोन दिवस माझं डोकं तापलेलं होतं. कॉपीराइट कायदा १९५७ चा, कलम ६३, सगळं तोंडपाठ. तक्रारीचा मसुदाही लिहून काढला, आणि माझा मसुदा वाईट नसतो. तो पाठवायच्या आतच फोन सुरू झाले. छपाईच्या तपशिलाच्या पानावर माझा नंबर होता, आणि ते पान मात्र त्या भल्या माणसानं अगदी सरळ स्कॅन केलं होतं.

पहिला फोन रात्री साडेदहाला, कोल्हापूरहून. “मॅडम, फक्त एक सांगा. डॉक्टर की पोस्टमास्तर?”

मी फणकाऱ्यानं म्हटलं, “पुस्तक विकत घ्या, कळेल.”

“घेतो की. कुठं मिळंल?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीनशे प्रती केव्हाच संपल्या होत्या, कणकवलीतल्या ज्या दुकानात मिळायचं तिथे आता मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. प्रकाशक म्हणतात लोक घेत नाहीत, आणि हा माणूस पैसे हातात धरून विचारतोय कुठं मिळेल. मग मी त्याला सांगून टाकलं कोण ते. तो दोन सेकंद गप्प बसला आणि म्हणाला, “तरीपण वाचायचंय. दाजींनी कसं पकडलं ते तुम्ही सांगितलं न्हाई.”

मेअखेरपर्यंत असे सत्तावीस फोन. एकजण बोरिवलीहून रोज लोकलमध्ये चार पानं या हिशेबानं वाचत आलेला, आणि नेमका सभामंडपात अडकलेला. मिरजेच्या एका आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्यांना नातू वाचून दाखवत होता. त्यांना मी ती आठ पानं फोनवर वाचून दाखवली. पाऊण तास लागला, कारण मध्ये मध्ये त्या उलटतपासणी घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, “मला वाटलंच होतं.” सगळे हेच म्हणतात. कोणालाही वाटलेलं नसतं.

अण्णा, माझे वडील, विजयदुर्गला मास्तर होते. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवाल्याकडून ते भाड्यानं रहस्यकथा आणत. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, आणि त्यातल्या निदान शंभर तरी आमच्या माजघरातून गेल्या असतील. इतक्या हातांतून फिरलेल्या त्या पुस्तकांचं शेवटचं पान बऱ्याचदा फाटलेलं असे. मग अण्णा कंदिलाशी बसून शेवट स्वतः रचून सांगत, आणि आम्ही भावंडं त्यांच्याशी भांडत असू, की असं होणं शक्यच नाही, चावी तर नोकराकडे होती. म्हणून त्या पीडीएफवाल्यावर मला फार काळ रागावता आलं नाही. तक्रारीचा मसुदा मात्र अजून आहे. चांगला झालाय.

त्या फोनांनी मी सुखावले, पण हस्तलिखित माळ्यावरच होतं. कौतुकानं मी कधी लिहायला बसले नाही. कौतुक ऐकलं की मी चहा टाकते. मला उठवलं ते चुका काढणाऱ्यांनी.

आधी आमच्या वाचनालयात. उन्हाळ्यात जुनी पुस्तकं पुठ्ठाबांधणीला काढतात, तेव्हा ग्रंथपालांनी माझं तिसरं पुस्तक समोर ठेवलं. मागची तारखांची चिठ्ठी भरून तिला दुसरी जोडलेली. पान ४० वर कोणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, “खुनी डॉक्टर.” त्याखाली वेगळ्या अक्षरात, “चूक. वाचत राहा.” त्याखाली तिसरा, “मी परत वाचतोय, अजून डॉक्टरच वाटतो.” आणि पान ११२ वर, जिथे जुलै महिन्यात ट्रॉलरच्या जाळ्यात बॅग सापडते, तिथे निळ्या शाईत, “१ जूनपासून मासेमारीला बंदी असते. हा ट्रॉलर कोणाचा? त्याच्यावर केस करा.”

लाज वाटली. देवगडात राहून जुलैत ट्रॉलर समुद्रात पाठवला मी. अख्खं गाव दोन महिने सुके बांगडे नि गोलमा खात असतं, आणि माझ्या पुस्तकात जाळी भरून मासळी!

दुसरी चूक याहून मोठी. बंदरावर ज्या आजीकडून मी मासे घेते तिला वाचता येत नाही. तिच्या नातीनं पुस्तक वाचनालयातून नेलं होतं. मी सौंदाळ्यांचा भाव विचारला तर भाव राहिला बाजूला.

“बाय, तुझा तां पुस्तक नातीन वाचून दाखवल्यान,” ती म्हणाली. “एकादशीक राती आठाक तुझो खुनी किल्ल्याखालच्या खडपावरसून चलत गेलो म्हणतंस.”

“हो.”

“एकादशीक त्या वक्ताक भरती. थंय गुडघोभर पाणी असता. तो मेलो उडान गेलो काय?”

किनाऱ्यावरच्या पोरासोरांना येणारं गणित आहे हे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अकराची पाऊणपट सव्वाआठ. भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटीचे दिवस, सरत आलेला असला, पाणी उधाणासारखं चढलेलं नसलं, तरी त्या खडपावर कोरड्या पायानं जाता येत नाही. मी शवविच्छेदनाचे अहवाल वाचले, मुद्देमालाच्या याद्या तपासल्या, पंचनाम्याची भाषा अशी लिहिली की आमच्या शिरस्तेदारांनी कौतुक केलं. पंचनामा पक्का, पंचांग कच्चं. फोन करणाऱ्या सत्तावीस जणांपैकी एकालाही हे दिसलं नव्हतं, कारण सगळे घाटावरचे नाहीतर मुंबईचे.

त्या रात्री माळ्यावरून पिशवी काढली. चौथ्या पुस्तकात मला एक साक्षीदार हवा होता जो खोटं बोलतो, आणि तो नेमका कुठे सापडतो ते चार महिने सुचत नव्हतं. आता सुचलं. तो दाजींना सांगतो, “एकादशीच्या रात्री सव्वाआठाला मी खडपावरून चालत आलो,” आणि दाजी नुसते त्याच्या चपलांकडे बघतात. तिसऱ्या पुस्तकातली माझी चूक चौथ्यात त्याची थाप झाली.

छापायचं कसं, ते वाचनालयाच्या कट्ट्यावर ठरलं. पुस्तकं किंडलवर गेली, ऑडिओत गेली. माझा ऐकण्याला विरोध नाही, बंदीच्या दिवसांत जाळी विणणारी पोरं स्पीकर लावून तासन् तास गोष्टी ऐकतात. पण ती निळ्या शाईची ओळ लिहायला समास लागतो. ग्रंथपालांनी दोनशेपानी वही घेतली, वर “दाजी ४” लिहिलं आणि आगाऊ दोनशे रुपये देणाऱ्यांची नावं लिहायला सुरुवात केली. कोल्हापूरवाला पहिला. जुलैपर्यंत १६३ नावं. तीनशे प्रतींचा खर्च यात निघत नव्हता, उरलेले पैसे मी आंब्याच्या हिशेबातून घातले. पोस्टानं डिसेंबर २०२४ मध्ये पुस्तकांची जुनी स्वस्त सोय बंद केली होती, पण मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू झालं होतं, तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये. खून हे ज्ञान आहे का, असं मी आमच्या पोस्टमास्तरांना विचारलं. ते म्हणाले, “तुमच्या मागच्या पुस्तकात पोस्टमास्तरावर संशय होता. आधी हे वाचून बघतो, मग सांगतो.”

छापायला देण्याआधी एका तरुण वकिलानं हस्तलिखित तपासलं आणि तीन ठिकाणी ३०२ खोडून १०३ केलं. १ जुलै २०२४ पासून खुनाचं कलम बदललंय. हे मला माहीत होतं, पण दाजी जुने हवालदार, ते तोंडानं ३०२ च म्हणणार. एका ठिकाणी मी ते ठेवलं आणि वकिलाशी भांडले.

गणपतीत चाकरमानी यायच्या आत पुस्तक हातात आलं. पहिली प्रत बंदरावर घेऊन गेले. आजीनं हात पदराला पुसले, पुस्तक उलटंसुलटं केलं, मासळीच्या टोपलीपासून लांब ठेवलं आणि विचारलं, “फुडचो खून कधी?”

“अमावास्येला करावा म्हणते.”

“अमावाशेक नको गो. उधाण असता. मडां व्हावत मालवणच्या हद्दीत गेलां तर तुझे दाजी थंय काय करतले?”

घरी येऊन कालनिर्णय खिळ्यावरून काढलं आणि बोटं मोजत बसले. षष्ठी. भरती साडेचारला, सुकती रात्री साडेदहाला.