रेंडरिंगला तगतं, रिकामं बसलं की पडतं

जोर दिल्यावर बंद पडणाऱ्या मशीनचं, म्हणजे कॉम्प्युटरचं, निदान सोपं असतं. पंख्यात अडकलेली धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट, दमलेला एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा), यांतलं काहीतरी निघतंच. सांगलीच्या एप्रिलमध्ये तर बहुतेक वेळा पहिल्या दोनांतच काम मिटतं. उलटी केस क्वचित येते.

माधवनगरचा एक पोरगा लग्नाचे व्हिडिओ करतो. जोडलेल्या क्लिपांची अखेरची फाइल मशीनकडून बनवून घेणं, म्हणजे रेंडरिंग, हे त्याचं रोजचं काम. ऐन लग्नसराईत तो कॅबिनेट घेऊन विश्रामबागेतल्या आमच्या दुकानात आला. म्हणाला, "दादा, रेंडरिंगला लावलं की रात्रभर चालतंय. काम संपलं, मी जेवायला उठलो, की आपोआप रिस्टार्ट." आधीच्या दुकानदारानं त्याचा एसएमपीएस बदलला होता, मग रॅम, मग नवा यूपीएस घ्यायला लावला. शेवटी मदरबोर्ड गेलाय असं सांगून मोकळा झाला. जुना एसएमपीएस आणि रॅमही त्यानं ठेवून घेतलेली. एका वेळी एकच वस्तू बदलून मध्ये दोन दिवस बघायचं असतं, हे आमच्या लाइनमध्ये कुणाला पटवणं अवघड आहे, कारण निदानाला कुणी पैसे देत नाही आणि पार्टला सगळे देतात.

मशीन चांगलं होतं. एएमडीचा रायझन ७ ५८००एक्स प्रोसेसर, आठ कोअर (स्वतंत्रपणे हिशेब करणारे भाग), सोळा थ्रेड (कामाच्या रांगा), ३६०० ची रॅम, एका टॉवरचा बरा कूलर. मी आधी कव्हर उघडलं नाही, इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला. अशा प्रत्येक रिस्टार्टला विंडोज 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद करतं. नावात पॉवर आहे म्हणून निम्मे लोक तिथंच थांबतात आणि नवा एसएमपीएस मागवतात. ४१ चा अर्थ एवढाच, की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं. का पडलं, ते शेजारच्या नोंदींत शोधावं लागतं. तिथं होता हार्डवेअरच्या चुका टिपणारा डब्ल्यूएचईए-लॉगर, इव्हेंट १८. फेटल हार्डवेअर एरर, कॅश हायरार्की एरर (प्रोसेसरच्या आतल्या मेमरीतली चूक), प्रोसेसर एपिक आयडी (चूक झालेल्या थ्रेडचा नंबर) ४. त्याच्या आदल्या वेळी ५. त्याच्या आधी पुन्हा ४. मध्येच कुठंतरी १०.

प्रत्येक कोअरला दोन थ्रेड, म्हणून या प्रोसेसरवर आयडीला दोननं भागायचं आणि बाकी सोडायची; मोजणी शून्यापासून. ४ आणि ५ म्हणजे कोअर २. १० म्हणजे कोअर ५. एसएमपीएस मरत असता तर त्यानं कोअर निवडून मारले नसते. वेळाही बघितल्या. बऱ्याचशा रात्री उशिराच्या, मशीन गार पडल्यावरच्या. रेंडरिंग चालू असताना एकही नाही.

एएमडीचं रायझन मास्टर हे सॉफ्टवेअर टाकून बघितलं. कोअर २ वर सोनेरी तारा, कोअर ५ वर ठिपका. म्हणजे या चिपमधले पहिले दोन उत्तम कोअर हेच. तेव्हाच मला कळलं की बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, काय सापडणार आहे.

बायोसच्या पहिल्या पानावर वेगाचा रेशो 'ऑटो' होता. आधीच्या दुकानात ते पान बघून ओव्हरक्लॉक (ठरलेल्यापेक्षा जास्त वेग) नाही असं ठरवलं असणार. पण खरी सेटिंग आत, एएमडी ओव्हरक्लॉकिंगच्या मेनूत होती. पीबीओ (ठरल्या मर्यादेपलीकडे वेग वाढू देणारी सेटिंग) चालू, बूस्टची, म्हणजे आपोआप वाढणाऱ्या वेगाची, मर्यादा २०० मेगाहर्ट्झनं वर, आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरला मिळणारं व्होल्टेज कमी-जास्त करणारी सेटिंग) सगळ्या कोअरना सरसकट उणे ३०. उणे ३० हे त्या सेटिंगचं शेवटचं टोक आहे. एक आकडा म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट, तेव्हा तीस आकड्यांत कोअरच्या वाट्याचे नव्वद ते दीडशे मिलिव्होल्ट काढून घेतलेले. पोराला यातलं काहीच माहीत नव्हतं. पुण्याचा मामेभाऊ सुट्टीला आला होता, त्यानं व्हिडिओ बघून 'फास्ट करून' दिलं होतं. त्यानं आपल्या परीनं तपासलंही होतं, सगळ्या कोअरवर रात्रभर स्ट्रेस टेस्ट. पास.

इथंच सगळे फसतात. आठही कोअर एकदम राबतात तेव्हा विजेची मर्यादा आणि तापमान मिळून वेग खाली धरून ठेवतात. कुठलाच कोअर आपल्या कमाल वेगापर्यंत जात नाही, त्यामुळे व्होल्टेज कमी असलं तरी निभावतं. मशीन रिकामं बसलं की गोष्ट बदलते. मध्येच अपडेट, अँटिव्हायरस, फाइल सिंक असलं काहीतरी जागं होतं. विंडोज ते हलकं काम तारेवाल्या कोअरकडे देतं आणि तो कोअर एकटाच क्षणात सर्वांत वरच्या वेगाला पोचतो. मशीन जितकं गार, तितका बूस्ट वर. चांगला कोअर मुळात कमी व्होल्टेजवर चालतो म्हणूनच तो चांगला ठरलेला असतो. कारखान्यातूनच त्याच्याकडे शिल्लक कमी ठेवलेली असते. बाकीच्यांना पचलेलं उणे ३० त्याला पचत नाही. एकाच मॉडेलच्या दोन चिपा सारख्या नसतात आणि एकाच चिपमधले दोन कोअरही नसतात, मग दुसऱ्याच्या व्हिडिओतला आकडा आपल्या मशीनला लावायचा कशाच्या जोरावर?

अंदाज बरोबर असला तरी दुकानात तो घडवून दाखवल्याशिवाय मी मशीन देत नाही. कोअरसायकलर लावला. तो प्राइम९५ ही आकडेमोडीची कसोटी एका वेळी एकाच कोअरवर, एकाच थ्रेडवर फिरवतो. कोअर ० नीट, १ नीट. कोअर २ वर लगेच राउंडिंग एरर, म्हणजे आकडेमोड चुकली, ०.४ च्या आत हवं तिथं ०.५. पुढच्या फेरीत थेट रिस्टार्ट. मग डिफॉल्टवर, म्हणजे कारखान्याच्या मूळ सेटिंगवर, आणलं, तीच चाचणी, एकही चूक नाही. मग रॅमचं जास्त वेगाचं प्रोफाइल चालू करून मेमटेस्ट, म्हणजे रॅमची चाचणी. स्वच्छ. मग नुसतं रिकामं ठेवलं, पंखा बंद करून नाही आणि एसीतही नाही, काउंटरवर जसं असतं तसं. पडलं नाही.

पोरगा म्हणाला, "थोडं तरी फास्ट ठेवा की." दोन चांगले कोअर शून्यावर ठेवून बाकीच्यांना उणे दहा देता आलं असतं, माझ्या स्वतःच्या मशीनला मी तसंच करतो. पण गेमिंगचं मशीन पडलं तर डाव जातो. याच्याकडे लोकांची लग्नं असतात. सगळं कारखान्याच्या आकड्यांवर ठेवलं.

वडील घ्यायला आले. "म्हंजे पार्ट कुठला बदलला न्हाई?" नाही म्हटलं. "मग पैसे कशाचे?" मी त्यांना नोंदी दाखवल्या, चाचण्यांच्या वेळा दाखवल्या. त्यांनी ऐकून घेतलं, पैसेही दिले, पण पटलं नाही. ज्यानं न बिघडलेला एसएमपीएस विकला त्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

माझ्या डोक्यातून गेलेलं नाही ते यानंतरचं आहे. पोरानं एक हार्ड डिस्क पुढं केली. हरिपूर रोडच्या एका लग्नातली क्लिप, मध्येच हिरवे चौकोन आणि मग काही सेकंद गोठलेलं चित्र. बॅकअपमध्येही तेच, कारण बॅकअप त्याच मशीनवरच्या कॉपीवरून काढलेला. कॅमेऱ्याची कार्डं फॉरमॅट होऊन त्यांवर पुढचं लग्न शूट झालेलं. "दादा, हे मशीनमुळंच झालं का?"

होऊ शकतं. कार्डावरून कॉपी करणं हे हलकं काम, नेमकं तारेवाल्या कोअरकडे जाणारं. ज्या कोअरची बेरीज चुकते तो रिस्टार्ट होण्याआधी गुपचूप काय चुकवून जातो, याची नोंद कुठंच होत नाही. विंडोजची साधी कॉपी लिहिलेलं पुन्हा वाचून ताडून बघत नाही. पण कार्डही खराब असू शकतं, कार्ड रीडरही. एसएसडी आणि हार्ड डिस्क, दोन्हींचं स्मार्ट (डिस्कनं स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद) मी बघितलं, ठीक आहे. फाइलचा हॅश (तिच्यातल्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा) दोनदा काढला, दोन्ही वेळा एकच, म्हणजे वाचताना बिघडत नाही, जे बिघडलं ते लिहिताना किंवा त्याआधी. त्याच्या मागं जायला मूळ कार्ड लागतं आणि ते आता नाही.

त्याला बिलावर 'प्रोसेसरच्या सेटिंगमुळे फाइल खराब' असं लिहून हवं होतं, नवरीकडच्यांना दाखवायला. मी लिहिलं: 'कर्व्ह ऑप्टिमायझर उणे ३०, कोअर २ व ५ अस्थिर, डिफॉल्ट केले.' फाइलबद्दल लिहिलं नाही. कॉपीनंतर व्हेरिफाय करणारं टेराकॉपी टाकून दिलं आणि व्हेरिफाय झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, हे त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. नवरीच्या वडिलांचा मला फोन आला तेव्हाही मी बिलावरचंच वाचून दाखवलं. "पण तुमचं मत काय?" त्यांनी विचारलं. मत सांगितलं: माझा संशय मशीनवर आहे, पुरावा नाही. पोराचे पैसे त्यांनी कापले की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.