सतत गैरहजर

नानांच्या एक्याऐंशीच्या वाढदिवसाचा फोटो पाहिलेला जवळपास प्रत्येक जण मला विचारतो, "वडिलांना दिलंस तरी काय?" फोटोत नाना एक कागद चष्म्याला टेकवून हसताहेत, एवढंच दिसतं. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

आधी फसलेले प्रयोग. मसाजच्या खुर्चीवर हल्ली वाळलेले कपडे बसतात. पावलं मोजणारं घड्याळ नातवाच्या हातात गेलं. भारी स्वेटर आणला, तर आमच्या खान्देशात तो वापरायचे दिवस किती, बोटावर मोजण्याएवढे. आणि प्रत्येक वेळी नानांचा पहिला प्रश्न ठरलेला, "कितला पैसा लागनात?"

नानांचा वाढदिवस 1 जूनला. तुमच्याही घरात एखादा 1 जूनवाला असेलच. जन्माची नोंद कुणाकडे नसायची. पोराला शाळेत नेलं की गुरुजी म्हणायचे, डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धर. कान हाती लागला की सहा वर्षं भरली, आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून तारीख 1 जून. नाना पुढे स्वतःच जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी झाले आणि त्यांनीही कित्येक पोरांना हाच वाढदिवस वाटला. दर 31 मेला निवृत्तीच्या निरोप समारंभांची रांग लागते, ती उगाच नाही.

म्हटलं, ही तारीख जिथे पहिल्यांदा लिहिली गेली, तो कागदच बघू. एप्रिलमध्ये, शाळेला सुटी लागायच्या आधी, अमळनेर तालुक्यातल्या आमच्या बोरीकाठच्या गावी गेलो. मुख्याध्यापकांनी मला बघताच विचारलं, "कुणबी नोंद शोधताय ना?" मराठा आरक्षणाच्या दाखल्याला ही नोंद लागायची, त्यामुळे त्या वर्षी जुनी रजिस्टरं मागणारा प्रत्येक जण त्यासाठीच यायचा. वडिलांच्या वाढदिवसासाठी आलोय म्हटल्यावर त्यांनी कपाटाची किल्ली काढली, चहाही सांगितला.

1949 सालचं जनरल रजिस्टर. पुठ्ठ्याच्या कडा कसरीने खाल्लेल्या, शाई तपकिरी पडलेली, पण अक्षर वळणदार. नानांचं नाव, वडिलांचा धंदा शेती, जन्मतारीख 1-6-1943. त्यांच्या खालच्या चौघांचीही तारीख 1 जूनच. मग बोट सरकत शेवटच्या रकान्यावर गेलं. शाळा सोडल्याचं कारण: सतत गैरहजर.

मी दोनदा वाचलं. तापाने फणफणलो तरी आम्हा भावंडांना दप्तरासकट शाळेत पोचवणारे हेच ते नाना! जानेवारी 1952ला नाव कमी झालं होतं आणि जूनमध्ये पुन्हा दाखल.

मुख्याध्यापकांनी प्रवेश निर्गम उतारा सही-शिक्क्यानिशी दिला. पानावरची बाकीची नावं मी वहीत उतरवून घेतली.

1 जूनला कागद हातात दिला. या वेळी पैशांचं विचारलं नाही. उतारा बाजूला ठेवून त्यांनी आधी वहीच ओढली. हा बोरीच्या पुरात उडी टाकायचा. हा सुरतेला गेला तो गेलाच. याची पाटी मी फोडली होती, मार त्याने खाल्ला. एकेका नावावर बोट थांबत होतं. जेवणं उरकली, आईने दोनदा झोपायला सांगितलं, तरी बोट अजून नवव्या नावावर. नानांना इतकं बोलताना मी फार वर्षांत ऐकलं नव्हतं.

शेवटी मी गैरहजरीचा रकाना पुढे केला. त्या हिवाळ्यात आजोबांचा पाय मोडला होता आणि वेचणी अंगावर आली होती. घरात हात दोनच, आजीचे आणि यांचे. "कापूस फुटेल व्हता," नाना म्हणाले, "शाळा काय पयी जाती?" शाळा थोडीच पळून जाणार होती! आणि हसले. फोटो तेव्हाचाच.

उतारा आता पेन्शनच्या फायलीत आहे. नातवाला तो दाखवायचा नाही, अशी मला ताकीद आहे.